नऊ नंबरच्या फोटोमागची कोरी जागा

धोंडीरामभाऊ, तुम्ही दिलेले अकराच्या अकरा फोटो माझ्या कपाटात जसेच्या तसे आहेत. एकाचाही कोपरा दुमडलेला नाही, एकावरही शाईचा डाग नाही. दर वर्षी जून महिन्यात तुम्ही विचारायचात, "बाई, नऊ नंबर खराब झाला असंल ना?" आणि मी म्हणायची, "हो ना, मुलं फार हाताळतात." खोटं बोलायची. तुम्ही मान हलवून पाकिटातून नवा काढून द्यायचात, आणि मी तो घरी आणून जुन्यावर ठेवायची. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. हे तुमच्या तोंडावर कबूल करायला मला दहा वर्षं मिळाली होती. ती मी घालवली, म्हणून आता लिहिते आहे. पण नुसतं रडगाणं घेऊन तुमच्याकडे यायचं नाही, हे मनाशी पक्कं केलं होतं. जे करायला हवं होतं ते काल आणि आज करून आले, आणि मगच कागद पुढे ओढला.

आपली गाठ पडली तेव्हा मला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागून वर्षही झालं नव्हतं. चेहऱ्यावरून भावना कशा ओळखतात, हा धडा माझ्या वाट्याला आला होता. विभागाच्या कपाटात त्यासाठी परदेशी फोटोंचा एक संच होता. आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य, असे सगळे गोरे चेहरे. मुलांनी फोटो बघायचा आणि चिठ्ठीवर एका शब्दात भावना लिहायची. किळस आलेल्या मडमेला बघून एकानं लिहिलं, "मिश्री लावायलीय." आश्चर्यचकित झालेल्या साहेबाला दुसऱ्यानं दातांच्या डॉक्टरकडे बसवलं. वर्ग हसून हसून लोळला. मी चिडले, पण चूक मुलांची नव्हतीच. सोयगाव, वैजापूरकडून एसटीनं येणारी ही पोरं. गोरा माणूस त्यांनी पाहिला असेल तर दौलताबादच्या पायथ्याशी टोपीनं वारा घेताना. त्याला किळस आली की कसा दिसतो, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

आपल्या माणसांचे चेहरे पाहिजेत, हे माझ्या डोक्यानं घेतलं. मी पुण्याला पत्रं लिहिली, मुंबईला लिहिली, असा संच कुणी केलाय का म्हणून. चार महिने उत्तरांची वाट पाहिली. मग एकदा कॉलेजच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला पैठण गेटाजवळच्या तुमच्या बोळात आले, तर स्टुडिओच्या बाहेरच्या बाकावर वीसेक माणसं बसलेली. चिकलठाण्याला तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते. कामाला गेटपास लागायचा, गेटपासला फोटो लागायचा, आणि सगळा मराठवाडा जणू तुमच्या त्या बाकावरून कारखान्यात जायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मी तुम्हाला म्हणाले, "मला रागावलेल्या माणसाचा फोटो पाहिजे."

तुम्ही कॅमेऱ्यामागून डोकं काढून माझ्याकडे बघितलंत. "बाई, रागावलेला मानूस फोटो काढायला कामून येईल?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं की या माणसाशी आपलं जन्मभर भांडण होणार.

पहिला प्रयोग मी माझ्या अकलेनं केला. आमचे ग्रंथपाल, ऑफिसातले दोघं, शिपाईमामा अशा सगळ्यांना घेऊन आले आणि एकेकाला तोंडं करायला लावली. कुणी डोळे वटारले, कुणी छाती धरली. तुम्ही निमूटपणे फोटो काढलेत. आठ दिवसांनी छाप हातात आले आणि मी बघतच राहिले. रागावलेले ग्रंथपाल नुकतेच अभ्यंगस्नान करून आल्यासारखे दिसत होते. दुःखी शिपाईमामांचा नवरदेव झाला होता. कपाळावर आठी नाही, डोळ्याखाली सुरकुती नाही, नाकाशेजारची घडी नाही. तुम्ही दोन दिवस काचेच्या मेजावर मान मोडून, सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं निगेटिव्हवरची रेघ न् रेघ भरून काढली होतीत. टचिंग! कॉलेजचं काम, म्हणून जास्तच मन लावून.

"अहो, ज्या रेघा मला पाहिजेत त्याच पुसल्यात तुम्ही!" मी ओरडलेच.

तुम्ही गोंधळलात. फोटो एकदा जवळ धरलात, एकदा लांब. "बाई, माज्याकडं जलमभर लोकं आठ्या घालवायला आलेत. आठ्या मागायला आलेल्या तुम्ही पयल्या."

मग आपण दोघंही हसलो. भाऊ, माझ्या आयुष्यात मी जी थोडी माणसं कमावली, ती अशीच आधी त्यांच्या अंगावर ओरडून.

दुसरी युक्ती तुमची. गिऱ्हाईक कॅमेऱ्यासमोर बसलं की त्याचा चेहरा दगड होतो, हे तुम्हाला ठाऊकच होतं. तुम्ही गेटपासचा फोटो काढायचात आणि म्हणायचात, "झालं." त्या एका शब्दानं माणूस सैल व्हायचा. मग तुम्ही रीळ पुढे सरकवत सहज काहीतरी विचारायचात. पोरगा कितवीत हाय? काम कोणतं मिळालं? पाऊस हाय का तिकडं? आणि त्या क्षणी दुसरा फोटो. तो माझा.

त्यावरून आपलं पहिलं खरं भांडण झालं. माणसाला न विचारता त्याचा चेहरा घेणं मला पटत नव्हतं. आधी विचारा, मी म्हणायची. आधी विचारलं की चेहरा पळून जातो, तुम्ही म्हणायचात. शेवटी मधला मार्ग निघाला. फोटो आधी काढायचा, पण लगेच सांगायचं, कॉलेजात मुलांना दाखवणार आहे म्हणून. नको म्हणाला तर निगेटिव्ह धुऊन झाल्यावर त्याच्यादेखत कात्रीनं कापायची. किती कापल्यात तुम्ही! एका म्हाताऱ्याच्या आश्चर्याचा तो फोटो मला अजून आठवतो. डोळ्यात इतकं नवल मी पुन्हा पाहिलं नाही. तो "नको बाबा" म्हणाला आणि तुम्ही कात्री चालवलीत. मी हळहळले, तर तुम्ही मलाच सुनावलंत, "नियम तुमचाच हाय."

दीड वर्षात चौदा फोटो जमले. वर्गात चिठ्ठ्या वाटल्या की आता पटापट उत्तरं यायची. एक मुलगा तर "मॅडम, हा तर आमचा मामा!" म्हणून उठूनच उभा राहिला. मी मिरवत होते. प्रत्येक फोटोच्या मागे तुम्ही नंबर घालायचात आणि मी एका शब्दात भावना लिहायची. दोन राग, तीन दुःख, असं करत मी तेरा शब्द लिहून मोकळी झाले.

राहिला नऊ नंबर.

गयाबाईंचा. नेसूचं लुगडं, गळ्यात दोऱ्यात ओवलेलं पदक, वय पस्तिशीचं. पॅकिंगच्या कामाला लागणार होत्या, गेटपास हवा होता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी गावोगाव दलितांच्या वस्त्या जळाल्या, त्यात पाचेक वर्षांपूर्वी त्यांचं घर गेलेलं. मुलीला कडेवर घेऊन त्या औरंगाबादला आल्या होत्या आणि मुकुंदवाडीला पत्र्याच्या खोलीत राहत होत्या. तुम्ही "झालं" म्हणालात आणि सहज विचारलंत, "आता निवळलं की परत जानार का गावाकडं?" त्यांनी उत्तर दिलं नाही. तेवढ्यात तुम्ही दुसरा फोटो काढलात.

कपाळावर दोन उभ्या आठ्या. ओठ घट्ट मिटलेले. डोळे कॅमेऱ्याच्या जरा वर, कुठेतरी लांब.

तुम्ही नियमाप्रमाणे त्यांना विचारलंत. त्यांनी तुमचं टचिंगचं मेज पाहिलं होतं. म्हणाल्या, "ठिवा. पन माज्या आठ्या पुसू नका. आन पोरं काय मनली, ते मला सांगायचं." त्यांनी घातलेल्या दोनच अटी. पहिली तुम्ही पाळलीत. दुसरी माझ्याकडे होती.

फोटो बघताच मी मागे "राग" लिहायला पेन उघडलं. तुम्ही माझा हात अडवलात. "थांबा. राग कशावरून?"

"आठ्या बघा. ओठ बघा. पुस्तकात सरळ दिलंय."

"तिनं उत्तर दिलं नाय. तिला इचारून लिहू."

"अहो, चेहरा वाचता येतो, तेच तर शिकवते मी! प्रत्येकाला विचारायचं तर माझं शास्त्र काय कामाचं?"

तेव्हा तुम्ही तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत. "आमचा बाप सोयगावकडं मेंढरं राखायचा. कळपातलं कोनतं मेंढरू दुखायलंय, ते लांबून तोंडावरून सांगायचा. पन जवळ जाऊन हात लावून बगितल्याबिगर औशद नाय द्यायचा. का, तर तोंड निस्तं सांगतंय की काईतरी हाय. काय हाय, ते नाय सांगत."

मी म्हणाले, मेंढरांचं वेगळं, माणसांचं वेगळं. तुम्ही म्हणालात, मेंढराला तर बोलताही येत नाही, माणसाला येतं, मग विचारायला काय होतं? मी पेन मिटलं, पण हरले असं काही मानलं नाही. नऊ नंबरची मागची बाजू कोरी राहिली.

मग तो वर्ग. त्या दिवसांत माझा वर्ग उभा दुभंगलेला असायचा. डाव्या बाकांवर नामांतर पाहिजे म्हणणारी मुलं, उजव्या बाकांवर नको म्हणणारी, आणि मधली रांग रिकामी. मला ते दिसत होतं, तरी मी नऊ नंबर लावला. शास्त्र आहे, शास्त्राला कुठली बाजू, असं वाटलं. चिठ्ठ्या गोळा केल्या आणि वाचायला लागले. उजवीकडून आलेल्या बहुतेक चिठ्ठ्यांवर "राग". डावीकडच्यांवर "दुःख", नाहीतर "भीती". बाकी तेरा फोटोंना दोन्हीकडून एकच उत्तर यायचं, याला नाही. तेवढ्यात उजवीकडून कुणीतरी म्हणालं, "या लोकांच्या तोंडावर कायम रागच असतो." डावीकडचा एक मुलगा उभा राहिला. "या लोकांच्या म्हणजे?" पुढच्या मिनिटाला बाक आडवं झालं होतं.

कुणाला लागलं नाही, हे नशीब. प्राचार्यांनी बोलावलं. त्यांना मी कधी वाईट म्हणणार नाही, त्यांच्याही जिवाला घोर होता. "वातावरण निवळेपर्यंत तो फोटो बाजूला ठेवा," म्हणाले. मी तो पाकिटात घातला आणि पाकीट घरी नेलं. धड्याला तेरा फोटो पुरत होते. वातावरण निवळण्याची वाट मी पुढची दहा वर्षं बघत बसले.

जूनमध्ये तुम्ही विचारलंत, "नऊ नंबरला काय मनली पोरं? गयाबाई इचारत व्हती." माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, त्याच्यावर शाई सांडली. खराब झाला." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. किती वेळ बघितलंत, ते मला अजून कळत नाही. मग म्हणालात, "हात तिच्या! नवा छापून देतो." दुसऱ्या जूनला तुम्ही मी काही सांगायच्या आधीच छापून आणलात. पुढे ती रीतच पडली. ठेकेदार बदलला की गयाबाईंना नवा गेटपास लागायचा, त्या तुमच्याकडे यायच्या आणि पहिलं तेच विचारायच्या. तुम्ही त्यांना काय सांगत होतात, हे मी कधी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि भाऊ, प्राचार्यांच्या नावावर सगळं खपवणं हेही खोटंच. माझं माहेर वैजापूरकडचं, विहिरी-बागायतीचं. गयाबाईंचं गाव आमच्याच भागातलं. वस्त्या जळाल्या त्या वर्षी सुट्टीत मी माहेरी होते. ओसरीवर काय बोलणं चालायचं, ते मी आतून ऐकलेलं आहे. एका सकाळी माझा थोरला भाऊ बाहेरून आला, हातपाय धुतले, आणि कुणाच्या नजरेला नजर न देता जेवायला बसला. मी त्याचा चेहरा पाहिला. मी पुढे शहरभर चेहरे गोळा करत फिरणारी मानसशास्त्राची बाई, आणि तेव्हा सख्ख्या भावाला "काय झालं?" एवढं विचारलं नाही. नऊ नंबर हातात घेतला की मला ते ताट दिसायचं. म्हणून तो कपाटात राहिला. हे मी आज दुपारपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं, तुम्हालाही नाही.

गेल्या महिन्यात विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव लागलं. तुम्ही दुकान बंद करून बघायला गेला होतात. परत येताना माझ्याकडे डोकावलात, चहा घेतलात, आणि उठताना म्हणालात, "बाई, आता तरी निवळलं मनायचं का?" मी म्हणाले, "बघू." इतकंच. तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द "बघू" आहे, याचा मला इतका संताप येतो की लिहिताना अक्षर बिघडतं.

दहाव्याला तुमच्या घरी वहिनींकडे गेले. हार घातलेल्या तुमच्या फोटोत तुमच्या कपाळावर एकही आठी नाही! लबाड माणूस. दुसऱ्यांच्या आठ्या माझ्यासाठी राखल्यात आणि स्वतःच्या तेवढ्या भरून काढल्यात. मला तिथेच हसू फुटलं आणि मग आवरेना, आणि त्याचं रडू कधी झालं ते कळलं नाही. वहिनींनी पाणी दिलं. मग आतून एक पाकीट आणि तुमची टचिंगची पेन्सिल आणून माझ्या हातात ठेवली. पाकिटात नऊ नंबर होता, बारावी प्रत. येत्या जूनसाठी तुम्ही आधीच छापून ठेवलेली.

वहिनी म्हणाल्या, "मी इचारायची, दर साली कामून छापायले? ती बाई लावीत तर नाय. तर मनायचे, लावतील. एक दिवस लावतील. तवा हाताशी पायजे."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या जूनपासून. तुम्ही मला एकदाही पकडलं नाहीत, एकदाही टोमणा मारला नाहीत. चेहरा वाचता येत नाही म्हणून माझ्याशी वाद घालणारे तुम्ही, आणि माझा मात्र न विचारता वाचलात! यावर मला तुमच्याशी कडाकडा भांडायचं होतं. भाऊ, आता कुणाशी भांडू? घरी येईपर्यंत रिक्षात हाच विचार होता, आणि घरी आल्यावर कपाटातले अकरा फोटो काढून टेबलावर मांडले.

परवा प्राचार्यांकडे गेले. आता नवे आहेत. म्हणाले, "बाई, आत्ताच कशाला? जखमा ताज्या आहेत." मी म्हणाले, "सर, मी विचारायला आले नाही, सांगायला आले आहे." आणि बाहेर पडले.

काल नऊ नंबर लावला. वर्ग अजून तसाच बसतो, डावी-उजवी बाकं आणि मधली रांग रिकामी. मी आधी दोन्हीकडची काही मुलं त्या रिकाम्या रांगेत आणून मिसळून बसवली. कुरकुर झाली. झाली तर झाली. मग चौदा फोटो, चौदा चिठ्ठ्या. नऊ नंबरला पुन्हा राग, दुःख, भीती. एकानं "दमल्या आहेत" लिहिलं. कोण कुठल्या बाकावरचं, ते मी यंदा पाहिलं नाही. एका मुलीची चिठ्ठी कोरी होती. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, ह्या काहीतरी मनात बोलायल्यात. काय, ते कसं सांगू?" भाऊ, तुम्ही मागच्या बाकावर असायला हवे होतात.

मग सगळी मिळून विचारायला लागली, "मॅडम, बरोबर उत्तर काय?" मी फोटो उलटा करून कोरी बाजू दाखवली. "मला माहीत नाही. त्यांना विचारून येते."

आज दुपारी पत्ता शोधत मुकुंदवाडीला गेले. गयाबाईंचं घर आता पक्कं आहे. केस पिकलेत, कपाळावरच्या दोन आठ्या मात्र तिथेच आहेत. ज्या मुलीला कडेवर घेऊन आल्या, ती शाळेत शिकवायला लागली आहे. मी नाव सांगण्याआधीच म्हणाल्या, "तुमी कॉलेजच्या बाई. लई उशीर केला." आणि पाट दिला.

मी चिठ्ठ्या एकेक करून वाचून दाखवल्या. त्या मान डोलवत ऐकत होत्या. "राग" म्हटल्यावर म्हणाल्या, "व्हता की." "भीती" म्हटल्यावर, "ती पन व्हती." "दमल्या आहेत" यावर मोठ्यांदा हसल्या. "शानं पोरगं हाय." कोऱ्या चिठ्ठीपाशी मात्र त्या थांबल्या. ती हातात घेऊन उलटून पालटून बघितली.

मी विचारलं. "गयाबाई, त्या वेळी तुमच्या मनात काय होतं?" विचारायला इतकं सोपं होतं.

"धोंडीरामदादानं इचारलं, गावाकडं परत जानार का? त्या दिसापस्तोर मी रोज मनानं गावाकडं जायची. सपनात घर बांदायची. त्यानं इचारलं, आन मला वाटलं, कामून जायचं? जाळलं त्यांनी, आन मी परत त्यांच्याच दारात जाऊ? नाय. इथंच ऱ्हायचं. पोरीला इथंच शिकवायचं." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "ह्या टायमाला म्या ठरवलं बगा. तुमच्या पुस्तकात हाय का त्ये?"

नाही, भाऊ. माझ्या पुस्तकात ते नाही. तिथे सहाच आहेत.

मग मी त्यांना माझं माहेर, ती ओसरी आणि ते ताट सांगितलं. हे सांगितल्याशिवाय उठायचं नाही म्हणूनच गेले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं म्हायेर कुटलं, ते म्हाईत हाय. दादानं कवाच सांगितलं व्हतं. म्हून तर वाट बगत व्हते, बाई येती का नाय." चहा झाला. दारापर्यंत सोडायला आल्या. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "आदी घरी इचारून या. मग बोलू." रविवारी मी वैजापूरला जाते आहे. भावाला समोर बसवणार आहे. त्याचा चेहरा वाचणार नाही, त्याला विचारणार आहे.

घरी आल्यावर तुमची पेन्सिल घेतली. तुमचं शिसं कठीण, फिकट उमटतं. दाबून लिहावं लागलं. अकरा प्रतींच्या मागे अकरा वेळा लिहिलं, "ठरवलं." तुम्ही जिंकलात, घ्या. मेंढरांचं आणि माणसांचं एकच आहे.

बारावी प्रत मी पाकिटातून काढलेली नाही. उद्यापासून नऊ नंबर रोज वर्गात फिरणार आहे. मुलं तो एकमेकांच्या हातातून ओढतील, घामेजल्या बोटांनी धरतील, कोपरे दुमडतील, कुणीतरी शाई सांडेल. या जूनपर्यंत तो खरोखर खराब होईल, भाऊ. तेव्हा तुम्ही छापून ठेवलेला लागेल.